भाच्यानं नाकारलेला प्लॉट

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्तगडच्या बाजारात त्याच्याच लेकीसाठी दप्तर निवडत होते. हार्ट अटॅक… दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना उलटला, तरी माझा राग जात नाही. धाकट्या भावानं असं आधी जायचं असतं का?

दिनकर बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर. भोकरदनकडचे मिरची बियाण्याचे प्लॉट तपासायचा. चौदा वर्षांखालचं लेकरू कामावर दिसलं तर बियाणं घ्यायचं नाही, असा कंपनीचा शेतकऱ्यांशी करार, कायद्यालाही ते मंजूर नाही. बाकीचे सुपरवायझर आधी फोन करून निघत. त्या दिवशी लेकरं घरी राहत आणि सगळ्यांचंच भागे. आमचा खडूस मात्र न सांगता जायचा. असाच एका सकाळी तो धावड्याला, आमच्या सख्ख्या मामाच्या शेडनेटमध्ये शिरला. सालगड्याची दहा वर्षांची सीता फुलांना पराग लावत होती.

वडील वारल्यावर आम्हा दोघांना याच मामानं वाढवलेलं. मामा म्हणाला, "लेकराचं बोट बारीक, फूल मोडत न्हाई. जरा डोळे झाक की, भाच्या."

"आज मी भाचा म्हणून आलो न्हाई, मामा."

प्लॉट नाकारला गेला, मामाचा हंगाम बुडाला. खाल्ल्या मिठाला जागला नाही, असं गाव म्हणालं. मामानं बोलणं टाकलं आणि दिनकरनं पुढच्या हंगामापासून मामाच्या प्लॉटची तपासणी दुसऱ्या सुपरवायझरकडे दिली. पण त्याला खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीनं. दिवाळीनंतर सीता आईबापासोबत ऊसतोडीला गेली. "आक्का, मी तिला वावरातून काढलं, पण शाळेत कुठं घातलं?" पुढं लेकरू सापडलं की तो आधी गुरुजींना गाठायचा. काही लेकरं शाळेत टिकली, काही नाही. सीता मात्र काही वर्षांनी गावात दिसली ती कडेवर मूल घेऊन… त्या दिवशी दिनकर जेवला नाही.

दहाव्याला मामा आला, कोपऱ्यात बसून राहिला. जाताना मला म्हणाला, "बाई, एकदा धावड्याला ये."

मी गेले. शेडनेटमध्ये नुसत्या मोठ्या बाया काम करत होत्या.

"बघ, एक बी लेकरू न्हाई. त्या सालापासून न्हाई," मामा म्हणाला. "दुसरा साहेब बाहेरूनच बघून जातो. मला वाटायचं, एखाद्या सकाळी आपला दिनू येईल, बघंल, मंग बोलंल…"

शेडनेटचा पडदा त्यानं हातानं वर धरला होता. मी बाहेर आले तरी तो सोडेना.