तांदळाच्या डब्यातली अंगाई

कॅसेटींचं आणि किश्श्यांचं एकच. एक जपून ठेवायला जावं, तर मागून चार घरंगळतात. आमच्या परभणीच्या गल्लीत दुपारी कामं उरकून बायका ओट्यावर टेकल्या की कुणीतरी म्हणतंच, "विमल, ती दुधाची कॅसेट सांग." एकानं भागत नाही. मग सगळंच सांगावं लागतं.

आधी ती कॅसेट काय, ते ऐका. माझ्या लेकीच्या, मनीच्या वेळी बाळंतपणाला मी झरीला माहेरी होते. आई मनीला मांडीवर घेऊन अंगाई म्हणत होती. आमचे हे नवा टेपरेकॉर्डर घेऊन आलेले. त्यांनी गुपचूप बटण दाबलं. अंगाई चांगली रंगात आली आणि मधेच आई ओरडली, "अगं विमे, दूध उतू जायलंय बघ!" की लगेच पुढची ओळ, त्याच चालीत. सगळं टेप झालं.

परभणीला आलो, तर मनी माझ्या अंगाईनं झोपेना. कॅसेट लावली की गप्प. आणि डोळा कधी लागायचा? दूध उतू गेल्यावर. त्याच्या आधी नाही.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. आख्ख्या दुनियेत ही कॅसेट एकच. तुटली, हरवली, कुणी तिच्यावर दुसरंच काही टेप केलं, तर माझं लेकरू झोपायचं कसं?

०००

गल्लीत काचेचं कपाट एकाच घरी, समोरच्या शिंदेकाकूंकडं. धूळ नको, मुंग्या नकोत म्हणून सगळ्यांच्या कॅसेटी तिथंच. लग्नाच्या, भजनाच्या, कव्वालीच्या आणि आमची अंगाई. किल्ली काकूंच्या कमरेला. मला तेवढाच धीर वाटायचा.

एका सकाळी काकू जिंतूरला लेकीकडं गेल्या. किल्ली कमरेलाच. दुपारी मनीनं गल्ली डोक्यावर घेतली. हे सायकल हाणत स्टँडवर गेले, जिंतूरची एसटी धरली. हे तिकडं पोचायच्या आधीच काकू परतीच्या एसटीत बसलेल्या. दोन्ही गाड्या वाटेत कुठंतरी एकमेकींच्या शेजारून गेल्या असणार.

काकूंनी कपाट उघडलं, मनी झोपली. संध्याकाळी हे आले, पोटावर हात फिरवत.

"काय झालं?" मी विचारलं.

"किल्ली न्हाई मिळाली," हे म्हणाले, "पण शिरा लय झकास होता."

काकू मात्र मलाच बोलल्या, "मला न विचारता माझ्या लेकीकडं पाहुणे पाठवायलीस होय गं?"

०००

त्या दिवशी ठरलं. कपाट नको, किल्ली नको. ज्याची कॅसेट त्याच्या घरी, आणि एक नक्कल शेजारच्या घरी.

आता घरी ठेवायची कुठं? ओल लागली की फीत खराब होते, असं कुणीतरी माझ्या डोक्यात भरवलं. मी कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरली.

भिंतीपलीकडं नसीमभाभी राहतात. त्यांच्याकडं अचानक पाहुणे आले. मी न्हाणीत होते, आतूनच म्हटलं, "भाभी, घ्या की आपल्या हातानं." त्यांनी पातेलं डब्यात बुडवलं आणि भरून नेलं.

थोड्या वेळानं भिंतीवरून हाक आली. "विमल, तुमारे चावल में से गाना निकला. धोके पकाऊं क्या?"

०००

कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकचे दोन बारके दात असतात. ते मोडले की तिच्यावर परत टेप होत नाही. ह्यांनी अंगाईचे दात मोडले तेव्हा मला जरा हायसं वाटलं. शिंदेकाकू बाजूला उभ्या राहून नीट बघत होत्या.

पुढं काकूंच्या नातवाचं बारसं आलं. पाळणा म्हणायला बायका जमल्या, ह्यांनी काकूंची नवी कोरी कॅसेट घातली, तर रेकॉर्डचं बटणच दबेना. हे ठोकून बघतात, फुंकून बघतात.

"कॅसेट चांगलीच हाय," काकू म्हणाल्या. "दात मी आधीच मोडून ठेवलेत. पोरांचा काय भरवसा?"

ह्यांनी कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. "काकू, लय सुरक्षित झाली. आता आपल्यालाबी आत जाता येईना."

०००

मग आमच्या नकलेचा दिवस. भाभींचा टेप आणला. पाटावर दोन्ही टेप समोरासमोर, एक वाजवायचा, दुसऱ्यानं ऐकायचं. दारं लावली, खिडक्या लावल्या. हे म्हणाले, "कुणी श्वास घ्यायचा न्हाई."

आईनं पहिली ओळ घेतली आणि काकूंना खोकला आला. दाबला तसा वाढला. तो थांबतोय तोवर बाहेर भाजीवाल्यानं आरोळी दिली आणि भाभींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "रुको बा, आयी!"

नक्कल लावून बघितली. आईची अंगाई, काकूंचा खोकला, भाभींचं "रुको बा", मग दूध. मला रडूच आलं. "उद्या परत करू," मी म्हटलं.

"उद्या अजून दोघं घुसतील," हे म्हणाले. तरी नक्कल भाभींकडं ठेवायला दिली.

आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या टेपनं खरी कॅसेट चावली. झाकण उघडलं तर शेवया वाळत घातल्यासारखी फीत. पेन्सिल घालून फिरवली, तर तुटलीच. आईला आणावं, तर त्या दिवशी बंद, एसट्या डेपोतच. मनी रडायलीय, मी तिच्याहून जास्त.

भाभी नक्कल दस्ती-रुमालात गुंडाळून घेऊन आल्या. मनीनं खोकला ऐकला, रडणं थांबवलं. "रुको बा" ऐकलं, अंगठा तोंडात घातला. दूध उतू गेलं. झोपली.

०००

पण माझा जीव काही थाऱ्यावर येईना. आता परत एकच कॅसेट राहिली, तीही खोकल्याची. पुढं आई झरीहून आली तेव्हा मी ठरवलं, नवीन स्वच्छ टेप करायची. काकूंना, भाभींना बोलावलं. कोरी कॅसेट आणली, दात शाबूत आहेत ते काकूंनीच तपासलं. सगळ्यांच्या चहासाठी दूध स्टोव्हवर ठेवलं आणि मीही येऊन बसले. ह्यांनी बटण दाबलं.

आई सुरेख गायली. कुठं खोट नाही. मनी टक्क जागी. आईनं पुन्हा पहिल्यापासून घेतली. मनी काकूंकडं बघायला लागली.

ह्यांनी काकूंना खुणावलं.

"आता कुठून आणू?" काकू कुजबुजल्या. "सकाळीच काढा घेतलाय." तरी पदर तोंडाला लावून खोकल्या बिचाऱ्या.

मनीनं मान वळवून भाभींकडं बघितलं. भाभी हळूच म्हणाल्या, "रुको बा, आयी."

मनीच्या पापण्या जड झाल्या. आता आम्ही सगळे आईकडं बघायला लागलो. आई गाता गाता थांबली, नाक वर केलं आणि ओरडली, "अगं विमे, दूध उतू जायलंय बघ!"

मनी झोपली.

काकूंनी समाधानानं मान डोलावली. भाभींनी डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

"अगं ए, ऊठ की," आई म्हणाली, "खरंच जायलंय!"

"आत्याबाई, हळू," हे म्हणाले. "टेप चालू हाय."