कॉरिडॉरमधल्या कुंड्या

सिंगापूरात सेरंगूनला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत होते. मंदीच्या त्या वर्षी तिथे सारखी कुणाची तरी नोकरी जायची. नोकरीबरोबर तिथे राहायचा पासही जायचा, आणि माणूस घाईघाईने घर आवरून पुण्या-मुंबईला परतायचा. जाताना आपली तुळस नाहीतर कढीपत्ता या शेजाऱ्यांकडे सोडायचा. "राहू द्या, परत याल तेव्हा न्या," असं ते प्रत्येकाला सांगायचे.

ऑफिसातून आले की टायही न सोडता ते कॉरिडॉरमध्ये बसायचे आणि कुंड्यांखालच्या बश्या पुसायचे. "ऑफिसात काय चाललंय?" असं विचारलं तर म्हणायचे, "पाणी साठलं की डास होतात हो. इन्स्पेक्टर दंड करतो." मला चीड यायची. कोरडी बशीसुद्धा पुसायचे!

एका संध्याकाळी त्यांनी सगळ्या कुंड्या माझ्या दारापाशी आणून मांडल्या.

"आमचाही नंबर लागला," एवढंच म्हणाले.

त्यांचंच वाक्य माझ्या तोंडात आलं, "राहू द्या, परत याल तेव्हा न्या."

ते शेवटची बशी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "असं म्हणायचं असतं हो."