टबातला पालक

केमच्या स्टेशनावर गाडी सुटायला आली तेव्हा अप्पांनी खताची एक जड पिशवी माझ्या सीटखाली सरकवली. आत आमच्या रानातली काळी माती होती. आईनं खिडकीतून फडक्याची पुरचुंडी हातात दिली, पालकाच्या बियांची. म्हणाली, "भाजी इकत घिऊ नगंस. आपली माती हाय, काय बी येतंय." अप्पा एवढंच म्हणाले, "एक वर्ष बघू. जमलं न्हाय तर माघारी ये." आमच्या घरात कॉलेजला गेलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. त्यामुळं 'जमणं' म्हणजे नक्की काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

सोलापुरात मला खोली मिळाली ती एका विणकर कुटुंबाच्या घरावर. घरमालकीण मावशी घरात तेलुगू बोलायच्या, माझ्याशी मराठी. त्यांनी दिलेल्या जुन्या टबात मी गच्चीवर माती भरली आणि बी टाकलं. शेतकऱ्याची पोर, मला कोण शिकवणार? चार दिवसांनी वर पापडी धरली. पाणी घातलं की तळ्यासारखं साचायचं, ऊन पडलं की बोट जाईल एवढ्या भेगा. जे कोंब आले ते पिवळे पडून गेले. मी पुन्हा पेरलं. पुन्हा तेच.

वर्गातही माझं असंच चाललं होतं. रसायनशास्त्राचं लेक्चर इंग्रजीत असायचं. मी फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची, पण हात वर करून विचारायचं धाडस झालं नाही. पहिल्या सेमिस्टरला तो विषय राहिला. माघारी जायचं नव्हतं, म्हणून घरी काहीच सांगितलं नाही. फोनवर आई आधी पालकाचं विचारायची आणि मग अभ्यासाचं. दोन्हीला माझं एकच उत्तर असायचं, "मस्त चाललंय."

मग एके दिवशी आईचा फोन आला, "उद्या येती. तुजा पालक बगायचाय." मी घाबरले. सकाळी मंडईत जाऊन मुळासकट दोन जुड्या आणल्या आणि एकेक रोप टबात खोचलं. लांबून खरंच रान वाटत होतं.

आई दुपारी पोचली. पाणी पिऊन थेट गच्चीवर. तोवर पानांनी माना टाकल्या होत्या. आईनं खाली बसून एक रोप दोन बोटांत धरलं. ते अलगद वर आलं. तिनं मुळाची माती बोटांत चुरगळली.

"ही माती भुरकट हाय. आमी काळी दिली हुती." मग माझ्याकडं बघून, "सकाळी लावलास व्हय?"

मला रडू आलं. पालकाचं सांगता सांगता रसायनशास्त्राचंही सांगून टाकलं. आई बराच वेळ ढेकळं फोडत राहिली. मग विचारलं, "त्यो पेपर परत देता येतोय का?"

"येतोय."

"मग दे की. त्यात रडतीस काय?"

"पण अप्पा?"

"त्यास्नी मी सांगती. तू मला खोटं सांगू नगंस, बास."

तेवढ्यात वाळवण काढायला मावशी वर आल्या. टबाकडं बघून हसल्या. "काय गं, कुंडीत मंडई भरवलीस?" मग आईला म्हणाल्या, "नुसती काळी माती टबात दगड होते, ताई. शेतात तिला पसरायला जागा असते. हिनं विचारलंच नाही कधी."

"हिचं असंच हाय," आई म्हणाली. "तोंडात मूग."

दोघींनी मिळून समोरच्या बांधकामावरची वाळू मागून आणली, शेणखत मिसळलं, टबाच्या बुडाला भोकं पाडली. मी नुसती बघत होते. दुसऱ्या दिवशी लेक्चर संपल्यावर पहिल्यांदा हात वर केला. सर मराठीत समजावून सांगायला तयार होते. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्या कुणी हे वाचलं, तर सांगावंसं वाटतं की मी गावाहून माती आणली, पण इथल्या माणसांना विचारायचं राहून गेलं होतं. बाकी मला फार कळतं असं नाही.

तो पेपर सुटला. परवा गावी गेले तेव्हा टबातल्या पालकाची एक जुडी नेली, मुद्दाम मुळासकट. अप्पा पानांकडं बघून खूश झाले. आई म्हणाली, "थांबा, आदी मुळं बगू." तिनं माती बोटांत चुरगळली. थोडी काळी, थोडी वाळूची. ती वेगळी करता येत नव्हती.

"व्हय," आई म्हणाली, "ह्यो आपलाच हाय." आणि जुडी घेऊन चुलीकडं गेली.