आला दात

माझी थोरली जाऊ पाळणाघर चालवायची. पोरांच्या आयांनी तिचं नाव 'दातवाल्या मावशी' पाडलं होतं. दात येताना घर डोक्यावर घेणारी पोरं तिच्या मांडीवर गप्प व्हायची. जादूबिदू काही नव्हती. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरड्या हळूहळू चोळायच्या, फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं फडकं चावायला द्यायचं, लाळ टिपत राहायचं. एवढंच. पण त्याला चिकाटी लागते, आणि ती तिच्याकडे पोत्याने होती. हेकाही तेवढाच होता, उगाच कशाला झाकायचं.

मग तिच्या नातवाला दात येऊ लागले. लाळ, किरकिर, मूठ तोंडात, सगळं नेहमीचं. पण पोर डावा कान ओढायचं आणि अंगही तापलेलं. सून म्हणाली, डॉक्टरांना दाखवू. जाऊबाई म्हणाल्या, दाताच्या वेळी पोरं कान ओढतातच, मी काय आज पोरं बघतेय? मीही म्हटलं, अहो, अंग भाजतंय त्याचं. तर मला म्हणाल्या, तू तुझं शिवणाचं मशीन सांभाळ. अस्सा राग आला! पण मग वाटलं, इतकी पोरं हाताखालून गेलीत, बाईला कळत असेल.

दोन दिवस जाऊबाई त्याला खांद्यावर घेऊन फिरल्या. जेवायलासुद्धा बसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पोर एकदम शांत झोपलं. त्यांनी हिरडीवरून बोट फिरवलं, टोक लागलं.

"बघ, आला दात," सुनेला म्हणाल्या.

दात खरंच आला होता. सुनेने पोराला उचललं, तर उशीवर पिवळा डाग आणि कानातून पू. आतला पडदा फाटला, म्हणून दुखणं थांबलं होतं. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते खोटं नाही. पुढे औषधं झाली, ऑपरेशन झालं, पण त्या कानाने त्याला ऐकू येत नाही. सून भांडली असती तर बरं झालं असतं.

पाळणाघर जाऊबाईंनीच बंद केलं. आता नातू घरभर पळतो. मी त्याला हाका मारते, कधी वळतो, कधी नाही. त्या कधीच हाक मारत नाहीत. दुखरे गुडघे धरून उठतात, त्याच्या समोर जाऊन बसतात, मग बोलतात.

परवा मी म्हटलं, इतकं कशाला उठता, इथूनच हाक मारा की.

"आणि त्याने वळून नाही बघितलं तर?"