आजगावकर सरांचा खोकला

आजगावकर हेडमास्तर चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात वारले, पण त्यांचा खोकला शाळेतच राहिला. "ख्ख-हं!" झालं की पोरं चिडीचूप. जूनमध्ये जेसिंता लोबोबाई त्यांच्या जागी आल्या. वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंना शाळा आपल्याच आवाजात चालवायची होती. पण त्यांच्या "मुलांनो, शांत"ला कुणी भीक घालीना. मग प्रार्थनेला ऑफिसच्या दारामागून तोच खोकला यायचा आणि अंगण गप्प व्हायचं. बाईंच्या अंगावर काटा यायचा.

एके सकाळी त्यांनी दार ढकललं. आत जयराम शिपाई, ओठांवर मूठ धरून.

"बाईनू, तुमचा कोण आयकणत नाय, म्हणान माका खोकूचा लागता."

बाई ऑफिसातली शुद्ध मराठी विसरल्या. "शाळा मी चलयतंय काय तो मेलेलो माणूस? परत खोकलंस तर बघ!"

जयराम रुसून रजेवर गेला, रेडीला, आपल्या गावी. दुसऱ्या दिवशी अंगणात मासळीबाजार. बाई पायरीवर आल्या, मोठ्याने बोलायचं ठरवून तोंड उघडलं.

"ख्ख-हं!"

पोरं गप्प. बाईंनी दचकून मागे पाहिलं. ऑफिसला कुलूप होतं. किल्ली त्यांच्याच मुठीत होती, आणि मूठ ओठांवर.