डाव्या हाताची हिरोईन

माझ्या लग्नाचं श्रेय आई कुलदेवतेला द्यायची, बाबा स्थळ आणणाऱ्या मामाला द्यायचे, आणि मी एका जुन्या काळ्यापांढऱ्या मराठी सिनेमाला देते. त्या सिनेमानं मला बारा वर्षं फसवलं होतं, तरीही देते.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत वर्षातून एकदा सत्यनारायणाची सार्वजनिक पूजा असायची. प्रसाद वाटून झाला की दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून सिनेमा. मंडळातले बाप्ये दरवर्षी म्हणायचे, या वेळी जरा मारामारीचा आणू या. बायका म्हणायच्या, तोच आणा. बायकांपुढे मंडळाचं काही चालत नसे, त्यामुळे तोच यायचा.

गोष्ट अगदी साधी. एका घरात वरच्या मजल्यावर तो राहतो, खाली ती. त्याचा नळ गळतो आणि पाणी हिच्या अंथरुणावर टपकतं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण खिडकीतून दोरीला टोपली बांधून चिठ्ठ्यांवर कडाकडा भांडतात. इकडे बसस्टॉपवर हीच दोघं रोज भेटतात आणि कोण कुठला हे न कळताच प्रेमात पडतात. शेवटी तिला कळतं, की नळवाला तो हाच. ती टेबलाशी बसून चिठ्ठी लिहिते आणि टोपली वर जाते. चिठ्ठीत एवढंच असतं, ‘नळ चालू राहू द्या.’ संपला सिनेमा. त्यात खलनायक नाही, कुणी दरीत पडत नाही, कुणाला जुळा भाऊ नाही. माणसं फक्त एकमेकांबद्दल भलतंच समजून बसलेली, आणि चूक कळल्यावर चक्क लाजणारी. म्हणूनच तो कधी शिळा झाला नाही, असं मला वाटतं. वरचा शेजारी आणि गळका नळ चाळीत कुणाला ठाऊक नव्हता?

आमची खोली पडद्याच्या मागच्या बाजूला होती. आईची भांडी आवरेपर्यंत पुढची जागा भरून गेलेली असायची, म्हणून आम्ही आपल्याच पायरीवर बसून मागून बघायचो. चित्र आरपार दिसायचं, फक्त अक्षरं उलटी यायची. शेवटची चिठ्ठी काही आम्हाला वाचता येत नसे. मग पुढून कुणीतरी आमच्यासाठी ओरडायचं, “नळ चालू राहू द्या!” आणि आमची बाजू पुढच्यांपेक्षा एक क्षण उशिरा हसायची.

आता माझी गोष्ट. मी डावखुरी. शाळेत बाईंनी डाव्या बोटांवर पट्टी मारली. घरी आई “उजव्या हातान दी गो!” म्हणत दिवसभर माझ्या पाठीशी. हळदीकुंकवाला माझ्या हातात कुणी कुंकवाची कुयरी देत नसे. उजव्या हातानं जेवायला मी शिकले, लिहायला काही जमलं नाही. आणि वर्षातून एकदा पडद्यावर ती यायची. सगळ्या चाळीची लाडकी, नोकरी करणारी, तोंडानं फटकळ, आणि डाव्या हातानं चिठ्ठी लिहिणारी! तिच्या बोटांवर कुणी पट्टी मारत नसे. हे मी कुणालाच बोलून दाखवलं नाही. बोलले तर तीही माझ्याकडून काढून घेतील, अशी भीती होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझी स्थळं बघणं सुरू झालं. पहिल्या दोन ठिकाणांहून नकार आला. दुसऱ्यांनी तर मामाला स्पष्टच सांगितलं, हाताचं जरा अडतंय. आईचा चेहरा त्या दिवसापासून उतरला होता. तिसरं स्थळ कांदिवलीचं. आई आठ दिवस माझ्याकडून घोकून घेत होती, डावा हात पदराखाली ठेव.

पोह्यांपर्यंत सगळं नीट पार पडलं. ताटली दोन्ही हातांनी द्यायची असते, त्यामुळे फावलं. मग मुलाच्या आईनं पर्समधून कागद आणि पेन काढलं. “नाव-पत्ता लिही गं. अक्षर बघू.”

सवयीनं पेन डाव्या हातात गेलं.

“मुलगी डावरी आहे?” त्या माझ्या आईला म्हणाल्या. “मग देवाधर्माचं कसं व्हायचं?”

आईचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. ती काही बोलणार, एवढ्यात माझंच डोकं सटकलं. “त्या टोपलीवाल्या सिनेमातली हिरोईनसुद्धा डाव्या हातानंच लिहिते. तिला कुणी देवाधर्माचं विचारलं नाही.”

इतका वेळ पोह्यातले शेंगदाणे बाजूला करत बसलेल्या मुलानं मान वर केली. “नळवाला सिनेमा? ती उजव्या हातानं लिहिते.”

“डाव्या.”

“उजव्या. मी सहा वेळा बघितलाय.”

“मी बारा!”

“मग बारा वेळा चुकीचा बघितलात.”

त्याची आई उठलीच. पाहुणे गेल्यावर माझी आई भिंतीला टेकून बसली. “सगळ्याची वाट लावलंस गो तू,” म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिसरा नकार आता पोस्टानं येणार, हे मी धरून चालले. मला वाईट वाटत होतं ते आईसाठी. सिनेमाच्या बाबतीत मात्र मी एक पाऊल मागे घ्यायला तयार नव्हते.

पुढच्या रविवारी सकाळी तो एकटाच दारात उभा. बाबांना म्हणाला, “काका, मुलुंडला तो सिनेमा मॅटिनीला लागलाय. एकदाचा निकाल लावून टाकू. तुम्हीही चला.” बाबांना असल्या गोष्टींचा भारी शौक. त्यांनी आईकडे न बघताच शर्ट चढवला.

थिएटरात बाबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले. सुरुवातीची नावं सरळ आली तेव्हाच मी खुर्चीत पुढे सरकून बसले. मग तिचं दार भलत्याच बाजूला. खिडकी भलत्या बाजूला. बस येताना उलटीकडून आली. शेवटी ती टेबलाशी बसली, तिनं टाक उचलला, आणि तो उजव्या हातात होता. चिठ्ठी पडद्यावर आली. कुणी ओरडलं नाही, मला ती स्वतःच वाचता आली. सगळं थिएटर खदखदून हसत होतं आणि मी रुमालात तोंड खुपसून रडत होते. अक्षरं उलटी दिसतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. माणसंही उलटी दिसत असतील, हे बारा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. माझी म्हणून जी एक होती, ती चारचौघींसारखी उजव्या हाताची निघाली.

बाहेर आल्यावर बाबांनी आम्हाला बटाटेवडे घेऊन दिले आणि “पान घेऊन येतो” म्हणून ते मुद्दाम लांब गेले. त्यानं विचारलं, “तुम्ही कुठं बसून बघायचात?”

“आमच्या पायरीवर. पडद्याच्या मागे,” मी म्हटलं. “जिंकलात तुम्ही. आईंना सांगा, मुलगी डावरी तर आहेच, वर खोटारडीही आहे.”

“खोटारडी कशी? दिसलं तेच सांगितलंत.” तो जरा घुटमळला. “मला पण एकदा तिकडून बघायचाय. तुमच्या पायरीवरून.”

माझ्या आयुष्यात मला कुणी घातलेली मागणी ती एवढीच. बटाटेवडे गार होईपर्यंत मला तिचा अर्थच लागला नाही.

त्याच्या आईला त्यानं कसं पटवलं, हे त्यानं मला कधीच सांगितलं नाही. लग्नानंतरच्या पूजेला सासूबाईंनी प्रसाद मात्र मला उजव्याच हातानं वाटायला लावला आणि मीही वाटला. चाळीत त्यानंतर पडद्यावरचा सिनेमा बंदच झाला. मंडळानं व्हिडिओ आणायला सुरुवात केली. टीव्हीला कुठली आलीय मागची बाजू? त्याचं पायरीवर बसणं राहूनच गेलं.

दोन-तीन वर्षांनी आमच्या कांदिवलीच्या खोलीत टीव्ही आला. एका शनिवारी संध्याकाळी तोच सिनेमा लागणार होता. मी पोळ्या आटपून बाहेर येते तर नवऱ्यानं टीव्ही कोपऱ्यातून उचलून लोखंडी कपाटाच्या अगदी समोर मांडलेला.

“अहो, डोकं फिरलंय का? कपाटाला सिनेमा दाखवताय?”

“तू तिकडे तोंड करून बस,” तो म्हणाला. कपाटाच्या दाराला उभा आरसा होता.

मी टीव्हीकडे पाठ करून जमिनीवर बसले. सासूबाई आधी हसल्या, मग कुतूहलानं माझ्याशेजारी येऊन बसल्या. आरशात दार जागेवर होतं. खिडकी जागेवर. बस बरोबर बाजूनं आली. शेवटी ती टेबलाशी बसली आणि तिनं टाक उचलला. डाव्या हातात.

“अगोबाई,” सासूबाई म्हणाल्या, “डावरीच की गं ही!”

चिठ्ठी आली. अक्षरं उलटी. माझ्या पाठीमागून नवऱ्यानं मोठ्यानं वाचलं, “नळ चालू राहू द्या!” आणि मी हसले, नेहमीसारखी एक क्षण उशिरा.