आखाड्याचा कोंडवाडा

आमच्या गावचा आखाडा घाटंजीच्या रस्त्याला लागून होता. तीन बाजूंनी दगडी पायऱ्या, चौथ्या बाजूला विटांची भिंत, मध्ये कुस्तीची तांबडी माती आणि वर टिनाचं छप्पर. छप्पर माझ्या जन्माआधीपासून गळत होतं. भिंतीला वरून खालपर्यंत चीर गेलेली. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

छप्पन साली आमची वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा त्या मातीत उतरलो. तोवर आम्ही कुस्त्यांची दंगल पाहायचो ती बाहेरच्या लिंबावर चढून. मी तेव्हा कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलायला होतो, अंगात ताकद होती. आखाड्याच्या वस्तादांनी मला बोलावलं ते काही मन मोठं करून नव्हे. पाटलाच्या मुलाला तोलाची जोड मिळत नव्हती.

तो हिवाळाभर रोज पहाटे आम्ही दोघे एकमेकांना भिडत होतो. त्याचा घाम माझ्या अंगाला, माझा त्याच्या. खेळ संपला की एकमेकांच्या पाठीवर माती चोळायचो. मी त्याला दोस्त समजायला लागलो होतो.

मग वस्तीतले आणखी काही जण यायला लागले. एका सकाळी मातीत पाय ठेवला आणि उग्र वास आला. गोमूत्र शिंपडलं होतं. पाटलाचा मुलगा पायरीवर बसून पायाची नखं पाहत होता.

"कोनं केलं हे?" मी विचारलं.

"मले काय माहीत? घरचे म्हनतेत, माती शुद्ध पायजे."

गोमूत्राचं मला काय! गोठे झाडूनच मी वाढलो होतो. पण काल याच माणसाची मान माझ्या काखेत होती, आणि आज तो मला माती शुद्ध पाहिजे म्हणून सांगत होता.

लगेच ग्रामपंचायतीची सभा लागली, आखाड्यातच. सरपंच भिंतीपुढे उभे राहिले आणि ती चीर जणू रात्रीतून पडली, असं बोलू लागले. "भिंत पडली तं कोनाचा तरी जीव जाईन. आता खेळ बंद. पाडाचं का दुसरं काही कराचं, ते ठरवा."

एक जण म्हणाला, पाडून टाका, दगड शाळेच्या पायात घालू. अडत्याला कापसाचं गोदाम पाहिजे होतं. कुणी म्हणालं, भजनाला जागा होईल. आखाडा आखाडाच राहू द्या, असं म्हणणारा एकही नव्हता. ज्यांचे बाप त्या मातीत नावाजले होते, तेही पान चघळत मान डोलवत होते.

मी उठलो. "सरपंचजी, आमी वस्तीतले लोक भिंत बांधून देतो. छप्पर बी दुरुस्त करतो. मजुरी नको."

सरपंच हसले. "तुमी बांधान, मंग खेळान बी तुमीच!"

सगळी सभा हसली. पाटलाचा मुलगाही हसला. वस्ताद खाली पाहत तंबाखू मळत राहिले. शेवटी ठरलं की गावाला कोंडवाडा नाही, तर मोकाट जनावरं इथे कोंडावीत. सगळे हात वर गेले.

"भिंत पडून मानूस मरते, तं ढोर नाई मरत काय जी?" मी विचारलं.

लोक धोतर झटकत उठले. जाता जाता एक पंच माझ्याजवळ आला आणि अगदी मायेने म्हणाला, "नाराज नको होऊ गा. शेन उचलाचं काम तुमालेच देऊ."

ते वाक्य आजही आठवलं की तोंडाची चव जाते. त्याला खरंच वाटत होतं की तो माझं भलं करतो आहे.

पुढे जिनात जाताना रोज तो वास यायचा. पायऱ्यांवर शेण वाळलेलं, तांबड्या मातीचा काळा चिखल झालेला. आम्ही नाल्याकाठी आमची माती खणली. वस्ताद एका संध्याकाळी तिथे आले. म्हणाले, "माह्या पोटाची भाकर पाटलाघरची हाय. मी काय बोलू सांग?" मी त्यांना बसायला पोतं टाकलं. राग येत नव्हता, पण त्यांच्या पायाला हात लावावा असंही वाटलं नाही.

काही वर्षांनी कळंबच्या दंगलीत मी शेवटची, सर्वांत मानाची कुस्ती मारली. लोक ओरडत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी गळ्यात झेंडूचा हार टाकला. वळून पाहतो तर आमचे सरपंच. "आमच्या गावचा पहिलवान हाय हा! आमच्या आखाड्यातला!" ते दंगलीच्या पंचांना सांगत होते आणि माझा हात वर धरत होते. मी हात सोडवून घेतला.

पुकारणाऱ्याने गाव विचारलं. मी म्हणालो, "गाव नका सांगू. नुसतं नाव पुकारा."

सरपंचांचा चेहरा उतरला. "असं काहून करतं बापा?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, हार कोणी घातला. मी सांगितलं. तिने तो उचलून बकरीपुढे टाकला. बकरीने दोनचार फुलं खाल्ली आणि बाकीची तुडवली.